वादळाचं प्रकरण

जाळं बाजूला ठेवून बाबा माझी वही वाचत होते आणि मी दारातून त्यांच्या भुवयांवर नजर ठेवून होते.

बाबांनी आयुष्यात पूर्ण वाचलेली एकमेव कादंबरी, जुन्या समुद्रसफरीची, मी आजच्या मुलांसाठी नव्याने लिहिली होती. त्यात मोबाइल आला, जीपीएस आला, आणि सुकाणू धरणारा पोरगा जाऊन तिथे पोरगी आली. आमच्या घरातल्या बायका मासळी विकतात, होडीत मात्र पाय ठेवत नाहीत. तीस वर्षं तांडेल म्हणून होडी चालवणाऱ्या बाबांना हे कितपत रुचेल, कोण जाणे.

वादळाच्या प्रकरणावर ते थांबले. "हे साफ खोटं आहे."

मी दारातूनच विचारलं, "मुलगी आहे म्हणून?"

"अगं, एवढ्या लाटेत सुकाणू असं आवळून धरत नाहीत. मनगट मोडेल तिचं. जरा सैल सोडायचं, होडी काय म्हणते ते ऐकायचं."

"मला कसं कळणार? मी कधी धरलंय?"

बाबांनी वही मिटली, चष्मा काढला.

"मग उद्या पहाटे चल. आणि चपला घरीच ठेव. होडीत अनवाणी चढतात."