मोठा आ करा

अ‍ॅनिमेशन आणि सिनेमावर लिहिणारा तो पत्रकार 'आमच्या फिल्मवर लिहा ना' ऐकून इतका कावला होता, की फोन बंद करून दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवा झाला तेव्हा त्याला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

"कार्टूनच्या सिनेमांवर लिहिता ते तुम्हीच ना?" दाढ कोरता कोरता डॉक्टर म्हणाले. "आमच्या धाकटीने केलाय एक. तीन वर्षं खोलीत कोंडून घेऊन चित्रं काढत बसली होती पोरगी. हिरो कोण, तर दातातली कीड. बिचारी राहायला जागा शोधतेय. अजून मोठा आ करा."

तोंडात नळी, गालात कापूस, जीभ बधिर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंड उघडं होतं. तो नुसतंच "अं, अं" करत राहिला.

"हो ना? मग तिच्या एकाही मेलला उत्तर कसं नाही दिलंत?"

अखेर खुर्ची सरळ झाली. चूळ भरून त्याने वाकड्या ओठांनी कसंबसं विचारलं, "झालं?"

 

"आज तात्पुरतं भरलंय. पक्कं भरू, लेख छापून आला की."