खिंडीतली रेंज

"कालबी आईलाच फोन व्हता ना?" पारूबाईंनी शेळीच्या मागं खडा भिरकावत विचारलं.

"व्हय आत्या. तिचे गुडघे लई दुखत्यात," दिपाली म्हणाली आणि करवंदीच्या जाळीपलीकडे जाऊन बसली.

हिर्डोशीच्या वरच्या वाडीत रेंज मिळायची ती फक्त या खिंडीत. आणि खिंडीत रोज शेळ्या घेऊन सासूबाई. हाच काय तो घोळ. कारण दिपाली आईला फोन करत नव्हती. ती नेटवर पुस्तक चढवत होती.

वाट दाखवली होती नणंदेनं. शेफालीचं भोरला संगणकाचं दुकान होतं. "एक साईट मानधन जास्त देते, पण पुस्तक फक्त तिथंच विकायचं. दुसरी कमी देते, पण कुठंही विका. तिसरी आधी आपल्याकडूनच पैसे मागते, तिच्या नादी लागू नका," ती म्हणाली होती. "आणि वहिनी, नाव टोपणच घ्या. आईला कळलं तर घरात दोन चुली होतील."

दिपालीनं दुसरी साईट धरली. 'तिखटाचा डबा' या पुस्तकात तिनं सासूचे सगळे नमुने उतरवले: पाहुण्यांपुढं चहात साखर मोजणं, जावेच्या भाकरीचं कौतुक, शेळ्यांशी दिवसभर बोलणं. एकच वाक्य शेळीला दोनदा सांगायचं, दुसऱ्यांदा हळू. लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. दुसरा भाग आज देते, असा तिनं शब्द दिला होता.

भाग चढेपर्यंत तिनं 'उतू गेलेलं दूध' उघडलं. कुण्या 'काळी मैना'चं पुस्तक, खपाच्या यादीत तिच्या पुस्तकाच्या वरच्या नंबरावर. त्यातली सून मोबाईलमध्ये डोकं घालून रोज दूध उतू घालवायची आणि खापर चुलीवर फोडायची. दिपाली पदर तोंडात कोंबून हसली. असल्या सुना असतात तरी कुठं! आज सकाळी तिच्याकडूनही दूध गेलं होतं, पण ते जाळ भडकला म्हणून.

या पुस्तकाबद्दल तिनं शेफालीला सांगितलं, तेव्हा शेफालीला हसता हसता ठसका लागला होता.

"झाला का गं फोन?" जाळीपलीकडून हाक आली.

"झाला, झाला!" पडद्यावर हिरवी खूण उमटली होती. दुसरा भाग प्रकाशित.

"बरं वाटतंय का आईला?"

"एकदम बरं, आत्या."

"मग जा. अन् जाताना करवंदं ने."

ओंजळभर करवंदं घेऊन दिपाली उड्या मारतच उतरली. वळणावर तिला आठवलं, सासूबाईंची पाण्याची बाटली आपल्याच पिशवीत राहिली. ती माघारी फिरली.

पारूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. मांडीवर करडू होतं. बोलणं नेहमीसारखं चालू होतं. फक्त, गेल्या दिवाळीला लेकीनं दिलेला मोबाईल त्यांनी अगदी ओठांशी धरला होता.

"पुस्तक दुसरं, परकरण पयलं. सुनंनं आज परत दूध घालवलं, अन् आईच्या गुडघ्याचं निमित्त करून आत्ता हितं बसून माझ्यावरच्या पुस्तकाचा दुसरा भाग चढवून गेली. पूर्णविराम."