बाराशेचा भाव

प्रसन्नने आसावरीचं मनगट पिरगाळलं आणि तिचा अंगठा बाबांच्या फोनवर टेकवायला गेला. तिने मूठ वळली.

"उघड," तो म्हणाला.

बाहेर सायरन वाजत होता. साडेनऊला सुरू झाला तेव्हापासून समोरच्या ब्लॉकमधलं कुणी बाल्कनीत आलं नव्हतं. सीमेपलीकडून हल्ला होऊ शकतो, घरातच राहा, असा मेसेज सकाळी सगळ्यांना आला होता. आईने पडदे ओढले होते आणि ती बाबांच्या खुर्चीत बसून होती. बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

मार्चमध्ये बाबांनी आसावरीला शेजारी बसवून एक ऑर्डर लावून घेतली होती. सॉफ्टवेअरची एक कंपनी, दोन वर्षं नजरेत ठेवलेली. भाव बाराशेवर आला की खात्यातल्या सगळ्या पैशांचे शेअर आपोआप घेतले जातील. बाजार घाबरेल तेव्हा घ्यायचं, आपण घाबरू तेव्हा नाही, असं ते म्हणायचे. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून फोनला त्यांनी तिचाही अंगठा लावून दिला होता. ऑर्डर अजून तशीच होती. ते गेल्याचं ब्रोकरला कुणी कळवलं नव्हतं.

भाव प्रसन्नच्या स्वतःच्या फोनवर दिसत होता. बाराशे एकवीस.

तो शेजारच्या पंचकुल्याहून बाजार उघडायच्या आधीच निघाला होता. दारातून आत आल्यापासून एकच सांगत होता, ऑर्डर रद्द कर. लढाई लांबली तर शेअर हजारावर येईल, आठशेवर येईल. आईचे होते नव्हते ते पैसे त्यात अडकतील. शिवाय मेलेल्या माणसाच्या नावाने खरेदी करता येत नाही. यातलं काहीच चूक नव्हतं, हे आसावरीला कळत होतं. फोन मात्र ती सोडत नव्हती.

"दोन आठवडे थांबू, यार. मग घे तुझ्या हाताने."

"त्या सकाळीही तू थांबच म्हणाला होतास, दादा."

त्या सकाळी बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तिने त्याला फोन केला होता. ॲम्ब्युलन्स कशाला, मी गाडी घेऊन येतो, असं तो म्हणाला होता. ती पन्नास मिनिटं थांबली होती.

प्रसन्नने उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. अंगठीने ओठ फाटला. ती टीपॉयवर आदळली, पाण्याचा ग्लास फुटला, आणि सावरायला टेकवलेला तिचा हात काचांवरच पडला; अंगठा चिरला. तो तिच्यावर वाकला. तिची बोटं त्याने एकेक करून उलगडली, आणि अंगठा फोनवर दाबून धरला.

रक्तामुळे फोनने अंगठा ओळखला नाही. त्याने तो आपल्या शर्टाला पुसला आणि पुन्हा दाबला. पुन्हा नाही. पाचव्यांदा फोनने पिन मागितला.

"पिन सांग."

पिन तिला माहीत होता. बाबा या शहरात रुजू झाले ते साल. तिने दात आवळले.

त्याने केस धरून तिचं डोकं फरशीवर आपटलं. एकदाच. आवाज त्यालाही ऐकू आला असावा, कारण त्याचा हात केसांतून तसाच निसटला.

बाराशे सहा. बाराशे तीन.

सायरन थांबला. घरातला पंखा ऐकू येऊ लागला.

बाबांचा फोन फरशीवर थरथरला. स्क्रीनवर रक्ताचे पाच ठसे होते आणि त्यांच्याखाली बाबांच्या नावाने मेसेज. विश्वनाथजी, आपली खरेदी पूर्ण झाली आहे.

शेजारी पडलेल्या प्रसन्नच्या फोनवर भाव उतरतच होता. अकराशे शहाण्णव. अकराशे एकोणनव्वद. त्याने तो उचलला नाही.

आई उठली. काचा चुकवत आली, बाबांचा फोन घेतला, डोळ्यांपासून लांब धरून सावकाश वाचला. मग पदराने पुसला.

"घेतले ह्यांनी," ती म्हणाली. "विकायचे कधी, ते विचारायचं राहिलं."

आसावरीचा अंगठा प्रसन्नच्या मुठीत तसाच होता. आता तो रक्त अडवायला दाबत होता.