बिनटाक्याचं ऑपरेशन

दुसऱ्या बाळंतपणानंतर प्रियंकाच्या अंगात रक्त इतकं कमी झालं, की डॉक्टरांनी तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करायला नकार दिला. तेव्हा तिचा नवरा वैजनाथ म्हणाला, "मंग माझं करा."

घरी त्याच्या आईनं, द्वारकाबाईनं, जेवणाचं ताट बाजूला सारलं. "पुरुषाच्या अंगातली ताकद जाती त्यानं. तुझ्या बापानं केलं व्हतं का कधी असलं?"

वडील माणिकराव दारात बसून सोयाबीनचं बी निवडत होते. त्यांनी सुपातली पुढची मूठ निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथ हिंगोलीला निघाला, तर माणिकराव फाट्यापर्यंत त्याच्यासोबत चालत आले. लांबून एसटी दिसली.

"आठ दिवस वजन उचलू नको," माणिकराव म्हणाले. "आमच्या येळंला टाके घालायचे. आता बिनटाक्याचं निघालंय."

वैजनाथ त्यांच्याकडं बघतच राहिला. "आईला ठावं हाय?"

"न्हाई. तुझ्या येळंला ती मरता मरता वाचली. पर तुझ्या पाठीवर तिला अजून एक लेकरू पायजेच व्हतं. त्याच्यासाठी बारा वर्षं तिनं सोमवार धरले."

"अन् तुमी काय केलं?"

एसटी येऊन थांबली. माणिकरावांनी पिशवी लेकाच्या हातात दिली.


"मी बी धरले तिच्यासंगं."