काळीज माह्यं
कोकिळाचं काळीज अचानक धडधडू लागलं की सासू मीठ-मोहऱ्या ओवाळायची आणि नवरा रूपराव म्हणायचा, "लय मनावर घेते तू." आज कापूस वेचताना तेच झालं. कोणालाही न विचारता ती ऑटोत बसून समुद्रपूरच्या दवाखान्यात पोचली. मागोमाग रूपरावही आला. मॉनिटर पाहून डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, "ठोके दोनशेवर गेलेत. या इंजेक्शननं ते आवरतील, पण हृदय क्षणभर थांबेल. देऊ?" "थांबन? नको!" रूपराव घाबरला. "त्यायले काऊन विचारता?" कोकिळा धापा टाकत म्हणाली. "काळीज माह्यं हाये. द्या सुई." औषध शिरेत गेलं. पडद्यावरची रेघ सपाट झाली. आता मरतेच, असं कोकिळाला वाटलं. तिनं खाटेची दांडी आवळली, पण डोळे मिटले नाहीत. मग रेघ उठली, संथ चालू लागली. "परत झालं त?" रूपरावनं विचारलं. "त एकटीच येईन."