गोदीवर झालेले गोल

"किल्ल्याचं काही खरं नाही," वेल्डर म्हणाला. "तीन सामने झाले, गोल दोन. त्यातला एक तर समोरच्यांनीच चुकून स्वतःच्या जाळ्यात मारलेला."

"म्हणजे नव्याचे नऊ दिवससुद्धा धड गेले नाहीत," मास्तर म्हणाले. "माझी रेल्वे दोन सामने जिंकली, पण गोलकीपर असा की, चेंडू येताना दिसला की आधी डोळे मिटतो. हंगाम मोठा आहे. घोडामैदान जवळच आहे."

कुशनवाल्याच्या दुकानात एका जुन्या बसच्या सीटा दुरुस्तीला आल्या होत्या आणि रविवार सकाळची ही बैठक त्यांच्यावरच बसली होती. स्वतः कुशनवाला उभाच होता. रेक्झिन ताणायचा, स्टेपल मारायचा आणि मधेच हसायचा.

आपल्या संघाच्या गटातले वैरी संघ त्यांनी आपसात वाटून घेतले होते. ज्याच्या वाट्याला जो संघ, त्याचे सगळे सामने त्याने ऐकायचे आणि रविवारी खबर द्यायची. किल्ला वेल्डरकडे, रेल्वे मास्तरांकडे, गोदी पोस्टमनकडे. यंदा गोदी तिन्ही सामने जिंकून सगळ्यांच्या डोक्यावर बसली होती, पण तिचं नाव कोणी काढत नव्हतं. मागच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी पोस्टमन गेला होता.

भिंतीवरचा फोन वाजला आणि तिघांनीही तिकडे पाहिलं.

या फोनचा त्यांचा एक नियम होता. इथे दुकानात टीव्हीवर आपल्या संघाचा सामना चालायचा, तेव्हा पोस्टमन घरी रेडिओवर गोदीचा ऐकायचा. सामना संपला की तो फोन लावायचा. गोदीवर जितके गोल झाले तितक्या घंटा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. इकडे उचलायचा नाही. उचलला की अपशकुन, असं कधीतरी गमतीत ठरलं आणि मग ते मोडायची कोणाची छाती झाली नाही.

त्या शेवटच्या दिवशी आपण पहिले यायला गोदी हरायला हवी होती. फोन वाजू लागला. तीन झाल्या, चार झाल्या, पाच झाल्या. वेल्डर टेबलावर चढून नाचला, मास्तरांनी रडत रडत कुशनवाल्याला मिठी मारली. तेरा घंटा वाजून फोन थांबला. गोदी एकही गोल न खाता जिंकल्याचं त्यांना अर्ध्या तासाने कळलं. पोस्टमनचं त्यानंतर.

आनंदाच्या भरात ध्यानातच आलं नाही, असं तिघांनी नंतर एकमेकांना सांगितलं. दोघांचं खरं होतं. कुशनवाल्याचा हात मात्र आठव्या घंटेला रिसीव्हरवर गेला होता आणि अपशकुन नको म्हणून मागे आला होता. हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. शिलाई मशीन चालू असली की त्याला वाटायचं फोन वाजतोय. तो मशीन थांबवायचा, ऐकायचा आणि पुन्हा चालू करायला घाबरायचा.

आज त्याने चौथ्याच घंटेला उचलला. "हॅलो, कुशनवाले."

पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. मग फोन ठेवला गेला.

"कोण होतं रे?" वेल्डरने विचारलं.

"कोणी नाही."

मास्तरांनी रेल्वेच्या गोलकीपरचा विषय पुन्हा काढला, पण आता त्यात दम नव्हता. दहा मिनिटांनी दारात वहिनी उभ्या राहिल्या. पोस्टमनची बायको. घरातल्याच चपला पायात, चालून दम लागलेला.

"भाऊजी, आत्ता फोन तुम्ही उचललात ना?"

"हो, वहिनी. का हो?"

"ते गेले तेव्हापासून मी त्या फोनला हात लावला नव्हता. आज पुसताना रिडायलचं बटण दाबलं गेलं, तर तुमचा आवाज आला." त्या सीटच्या कडेला टेकल्या. "मी कामावरून आले तेव्हा रिसीव्हर त्यांच्या हातात होता. गोदीवर तर गोलच झाला नव्हता, म्हणून मला वाटलं, मलाच लावला असणार. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मशीनच्या धडधडीत फोन ऐकू येतो का कधी? चार महिने मी स्वतःला शिव्या देतेय, भाऊजी."

वेल्डर घाईघाईने म्हणाला, "त्या दिवशी दुकान बंद होतं, वहिनी. इथे चिटपाखरू नव्हतं."

मास्तरांनीही मान हलवली. खोटं होतं, पण कोणाचं वाईट करणारं नव्हतं. वहिनींनी पदराने कपाळ पुसलं. "मग कोणाचाच इलाज नव्हता," त्या म्हणाल्या आणि उठू लागल्या.

कुशनवाल्याने स्टेपल गन खाली ठेवली. वहिनींना असंच जाऊ दिलं असतं तर सगळं मिटलं असतं, हे त्याला कळत होतं.

"दुकान उघडं होतं," तो म्हणाला. "आम्ही तिघे इथेच होतो. तेरा वेळा वाजला फोन. आम्ही मोजत होतो."

घंटांचा नियम वहिनींना ठाऊक होता. त्या घरी असल्या की नवरा त्यांच्यासमोरच घंटा द्यायचा. वेल्डरने मान खाली घातली. मास्तर उगाच चष्मा पुसत राहिले. वहिनी एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या, जणू ही माणसं त्यांना आजच भेटली होती.

"तेरा?" त्या म्हणाल्या. "गोदीवर तेरा गोल झाले असं वाटलं तुम्हाला?"

"या दोघांना वाटलं," कुशनवाला म्हणाला. "मला सातपर्यंत वाटलं, वहिनी."