चाळीस सेकंद आधी

"आज खबर बाहेर गेली, तर करार इथेच संपला," चॅनेलच्या बाई म्हणाल्या.

क्लबच्या सचिवाने नुसती मान हलवली. त्या कराराशिवाय क्लबला पुढचा हंगाम दिसणार नव्हता.

भानगड नव्या यंत्रणेची होती. पूर्वी फुटबॉलचा सामना घरोघरी त्याच क्षणी दिसायचा. आता इंटरनेटवरून चित्र चाळीस सेकंद उशिरा पोचायचं. तेवढ्या वेळात मैदानातून कोणीतरी गोलाची खबर बाहेर देत होतं आणि त्यावर पैजा लागत होत्या. चॅनेलचा संशय क्लबच्याच माणसांवर होता.

सचिवाने दारातच बाई सोडून सगळ्यांचे फोन जमा करून घेतले. "बायकोचा आला तर तुम्हीच बोला तिच्याशी," म्हणत एकाने आपला टोपलीत टाकला. चोर हेरायचं काम पाटीकाकांकडे आलं. गुणफलकावर हाताने आकड्यांच्या पाट्या लावण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्या उंच फळीवरून अख्खं मैदान दिसे. शिवाय क्लब बुडाला, तर सकाळी उठून जायला त्यांना दुसरी जागा नव्हती.

काकांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. कोणी जागचं उठलं नाही.

एकोणसत्तराव्या मिनिटाला आपला गोल झाला. काकांनी पाटी बदलली, आणि सवयीने भिंतीपलीकडच्या आपल्या घराकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे पांढरा रुमाल हलवला. अंथरुणाला खिळलेल्या काकूंना तिथून फलकाची नुसती पाठ दिसायची. म्हणून आपला गोल झाला की पांढरा रुमाल, समोरच्या संघाचा झाला की लाल.

थोड्या वेळाने सचिव फलकाखाली येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. बाईंना फोन आला होता; गोल झाल्यावर दहा सेकंदांत पैजा लागल्या होत्या.

"काका, कोण होतं?"

"कोणी नाही रे. माझ्याखेरीज कोणाचा हातसुद्धा हलला नाही."

बोलता बोलता काका थांबले. रुमाल अजून हातातच होता. वर खिडकीचा पडदा हळूच सरकला.

काकूंना जाऊन दहा महिने झाले होते. त्यांची खोली भाड्याने घेणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी काकांचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "काका, काकूंसाठीची ती खूण मोडू नका. मी आहे ना बघायला."